उलट्या पावलांचा डोंगा

धानाचे पुंजणे, म्हणजे कापून रचलेले ढीग, मळणीसाठी मोडायला लागले की माझ्या दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. पहिले शेतकरी. त्यांना मळणीयंत्राचा पट्टा हवा असतो, आणि तोही कालच हवा असतो. दुसरे शाळामास्तर. त्यांना भंगार हवं असतं. जुन्या पंख्याची मोटर, सायकलची साखळी, हातभर पाइप, कूलरची जाळी. मास्तरांच्या मागं त्यांची पोरंपोरी उभी असतात, आणि माझ्या शेडमधल्या ढिगाऱ्यावरून त्यांची नजर जत्रेतल्या मिठाईवरून फिरावी तशी फिरत असते. मग मला कॅलेंडर बघावं लागत नाही. विज्ञान प्रदर्शनाचा हंगाम आला.

सकाळी तुमसरच्या रस्त्यावर धुकं इतकं दाट असतं की एसटी आधी ऐकू येते, मग दिसते. हवेत ओल्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास, आणि मळणीचा बारीक भुसा शर्टाच्या कॉलरमध्ये शिरून दिवसभर चावत राहतो. अशा हवेत शेडचं शटर वर केलं की लोखंड हाताला बर्फासारखं लागतं. मी जुनी शेतीयंत्रं घेतो, दुरुस्त करतो, विकतो. कोणाच्या बापाच्या जिवावर नाही, पंप खोलून बसवण्यापासून सुरुवात करून स्वतःच्या हातानं हे उभं केलं आहे. भाव करण्यात तालुक्यात माझा कोणी हात धरत नाही, आणि डोकं लवकर तापतं हेही तालुक्याला माहीत आहे. भंगार मी मास्तरांना फुकट देतो, पण पोराला विचारून. याचं काय करशील? पोरानं सांगितलं तर घेऊन जा. मास्तरांनी सांगितलं तर परत ठेवा.

यंदाही पत्र आलं आहे. तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून यावं, ही विनंती. पत्र वाचून मी पहिल्यांदा माझं स्टूल शोधलं.

या स्टूलवरून लोक हसतात. लोखंडी, बुटकं, वर टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या विणलेल्या. परीक्षक म्हणून जाताना मी ते बरोबर नेतो आणि प्रत्येक टेबलापुढं ठेवून त्यावर बसतो. बाकीचे परीक्षक उभ्या उभ्या गुण देतात. कोणी विचारलं तर मी गुडघेदुखीचं सांगतो. गुडघे माझे ठणठणीत आहेत.

कारण जुनं आहे. माझं गाव नाकाडोंगरीच्या पलीकडं, जंगलाला लागून. गावच्या तलावाखाली आमची धानाची शेती. तलावाच्या पाळीतून पाणी सोडायचं जे दगडी तोंड असतं त्याला आमच्याकडं तुडुम म्हणतात. त्याचं लाकडी बूच काढायला माणसाला पाण्यात बुडी मारावी लागे. माझे काका ते काम करत. धान गर्भात, कणसं फुटायच्या बेतात असताना, पहाटेच्या गारठ्यात, ते पाण्यातून वर यायचे तेव्हा त्यांचे ओठ जांभळासारखे झालेले असत, आणि काकू पाळीवर शेकोटी करून, त्यांना शिव्या देत बसलेली असे. मी नववीत होतो. सायकलचं पेडल, साखळी आणि एक लांब सळई घेऊन मी असं काही जुळवलं की पाळीवर उभं राहून पेडल मारलं की बूच वर उचललं जाई. एक जोड जवळच्या खाणीतल्या एका फिटरनं लावून दिला होता. बाकी सगळं माझं.

ते एसटीच्या टपावर बांधून मी प्रदर्शनाला नेलं. पाण्याचं पिंप मांडलं. बाजूच्या टेबलावर सौरऊर्जेचं गाव होतं, थर्माकोलचं, हिरव्या भुशाची शेतं, आणि त्यातले सगळे दिवे भिंतीतल्या बोर्डावर चालत होते. परीक्षक म्हणून मोठे साहेब आले. माझ्या साखळीकडं बघून त्यांनी विचारलं, "हे कोणत्या मिस्त्रीनं करून दिलं रे?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कोणता जोड फिटरचा, कोणता माझा, साखळी दोनदा का बदलली, हे सगळं मी पाठ केलं नव्हतं, मला ते येतच होतं. पण साहेबांचा बूट आधीच पुढच्या टेबलाकडं वळला होता. अंग माझ्याकडं, बूट गावाकडं. मग अंगही गेलं. थर्माकोलच्या गावाला पहिला नंबर मिळाला.

माझं यंत्र त्यानंतर आमच्या तलावावर लागलं आणि चांगली वर्षं चाललं. तुडुमाला सरकारी लोखंडी दार बसलं तेव्हाच ते निघालं. काकांनी पुन्हा बुडी मारली नाही. पण तो बूट माझ्या डोक्यातून निघाला नाही. आजही हिवाळ्यात साखळीला ग्रीस लावताना तो दिसतो आणि मी कामावरच्या माणसावर उगाच खेकसतो.

आज लिहायला बसलो ते मागच्या हिवाळ्यातल्या प्रदर्शनासाठी. एका शाळेचा मोठा हॉल. फेव्हिकॉलचा, झेंडूच्या हारांचा आणि तापलेल्या एक्स्टेंशन बोर्डांचा मिळून एक वास. थर्माकोल घासल्याचा तो अंगावर काटा आणणारा आवाज. इस्त्रीच्या गणवेशातली पोरं ओठ हलवत पाठांतर करत होती. आम्ही तिघं परीक्षक. गभणे सर, निवृत्त मुख्याध्यापक, स्वभावानं गोड, आणि यजमान शाळेचा मान राखला पाहिजे या मताचे. शहारे मॅडम, भंडाऱ्याच्या कॉलेजात यंत्रं शिकवणाऱ्या, कमी बोलणाऱ्या, पेन नेहमी उघडं. आणि मी, स्टूल घेऊन. आमच्याकडं विभाग होता तो यंत्ररचनेचा. अडचण ओळखून तिच्यावर स्वतः काही बनवायचं. तिघांनी मिळून एकच प्रकल्प निवडायचा होता, जो पुढं जिल्ह्याला, भंडाऱ्याला जाईल.

गुण कशाला द्यायचे ते मॅडमनी आम्हाला सुरुवातीलाच समजावलं. अडचण खरी आहे का, दुसरे उपाय सुचले होते का, करून बघितलं का, आणि करून बघितल्यावर काय बदललं. रंगरंगोटीला जवळजवळ काही नाही. मी मान हलवली, पण मनात म्हटलं, माझी पद्धत वेगळी आहे. मी सौदा करतो. वस्तूसमोर बसतो, तिला नावं ठेवतो आणि विचारतो, विकतोस का? ज्यानं विकत आणून मांडलं असतं तो लगेच म्हणतो, घ्या ना सर. ज्याला मास्तरांनी करून दिलं असतं तो मास्तरांकडं बघतो. आणि ज्यानं स्वतः केलं असतं त्याला राग येतो. मी त्या रागाची वाट बघत बसतो.

यजमान शाळेचं यंत्र आपोआप पाणी देणारं होतं. माती सुकली की मोटर सुरू, ओली झाली की बंद. छान चालत होतं, त्यात खोटं काही नाही. मी पोराला विचारलं, ही मातीत खुपसलेली सळई तिरकी बसवली तर? पोरगा मास्तरांकडं बघू लागला. मास्तर खिडकीकडं.

मग हॉलच्या टोकाला, दाराजवळच्या वाऱ्यात, बपेऱ्याच्या शाळेचं टेबल आलं. तिथं तृप्ती नावाची नववीतली मुलगी आणि तिची एक मैत्रीण. मैत्रीण बोलत नव्हती, तृप्तीला श्वास घ्यायला वेळ नव्हता. समोर होता निळ्या प्लास्टिक पिंपाचा उभा कापलेला अर्धा भाग, होडीसारखा. त्यांनी त्याला डोंगा म्हटलं होतं. रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांच्या जुड्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या जुड्या, चिखलातून न्यायला. डोंग्याला एक लोखंडी पाइप जोडलेला, आणि तो पाइप कोपरातून मुडपलेल्या हातासारखा वाकडा. टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली कडी.

गभणे सरांनी तो पाइप धरून डोंगा फरशीवरून ओढून बघितला. डोंगा तिरका गेला आणि भिंतीला लागला. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा भिंत.

"हा त वाकडा जाऊन राहिला बेटा," ते प्रेमानंच म्हणाले.

शहारे मॅडम वाकल्या. पाइपच्या जोडावरून त्यांनी बोट फिरवलं. जोड पक्क्या हाताचा होता, हे मलाही दिसलं होतं.

"हे वेल्डिंग कोणी केलं?"

"वेल्डरनं," तृप्ती म्हणाली.

मॅडमनी काहीतरी लिहिलं. मुलीचं तोंड एवढंसं झालं. मी खाली बघितलं. मॅडमच्या चपलेचं टोक पुढच्या टेबलाकडं होतं.

माझं डोकं तापलं. इतक्या वर्षांचा तो बूट एकदम चप्पल होऊन माझ्यासमोर आला. हॉल ऐकेल अशा आवाजात मी म्हटलं, "मॅडम, थांबा. तिचं सांगून व्हायचं आहे."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मी थांबलेलीच आहे. तुमचं स्टूल माझ्या पदरावर आहे."

खरंच होतं. स्टूलच्या पायाखाली त्यांच्या साडीचा पदर सापडला होता. गभणे सर हसले, पोरी हसल्या, आणि मला उठावं लागलं. पदर सोडवून मी परत बसलो. मॅडम गेल्या नाहीत. त्या गेल्या असत्या की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. मी नेहमीच्या कामाला लागलो.

मी म्हटलं, माल बरा आहे, पण पाइप बिघडला आहे. सरळ करून दे, दहा नग घेतो.

"नाही जी."

"काहून?"

"सरळच होता अगोदर."

"मग वाकवला कायले? चांगला माल खराब केला तुम्ही पोरींनी."

तिला राग आला. गाल लाल झाले, आणि मैत्रिणीनं तिची ओढणी मागून ओढली. तिनं ती सोडवून घेतली. "सर, हे ओढाचं नाहीच आहे. तुम्ही सारे ओढूनच पाहून राहिले. रोवणारी बाई समोर जाते का? ते त मागं मागं जाते."

माझं लहानपण धानाच्या बांधीत गेलं. रोवणीत मी पऱ्ह्यांच्या जुड्या फेकायचो, आणि लांब फेकल्या की बाया ओरडायच्या. वाकलेल्या पाठींची ती ओळ मी पाहिलेली आहे. गुडघाभर चिखलात एक एक पाऊल मागं येणारी, समोर हिरवं होत जाणारं, पाठीमागं नुसता चिखल. हे सगळं माहीत असलेला मी तिथं बसून डोंग्याला ओढायची वस्तू समजत होतो. माझ्या शेडमधलं सगळंच पुढं जातं. ट्रॅक्टर, ट्रॉली, नांगर. मागं चालणाऱ्या माणसासाठी तिथं काहीच नाही.

तृप्तीनं मग सगळं सांगितलं. डोंगा बाईच्या समोर ठेवला तर लावलेली रोपं चिरडतो. म्हणून तो मागं, न लावलेल्या चिखलात हवा. बाईनं पाऊल मागं टाकलं की कमरेनं कडी ढकलली जाते आणि डोंगा मागं सरकतो. पाइप सरळ होता तेव्हा डोंगा थेट टाचेमागं यायचा. तिची माय त्यात पाय पडून पाठीवर आपटली होती, आणि सगळी रोवणी हसली होती. वाकडा केल्यावर डोंगा डाव्या बाजूला, दोन बायांच्या मधल्या जागेत राहतो. दोघींत एक पुरतो.

गभणे सर म्हणाले, पण आता हिवाळ्यात चिखल कुठं, खरं की खोटं कसं बघायचं? तृप्तीनं चिखलाची जागा सकाळीच हेरून ठेवली होती. शाळेच्या हातपंपामागं सांडपाण्यानं घोटाभर दलदल झाली होती. पऱ्ह्यांच्या जागी त्यांनी तणसाच्या जुड्या बांधून आणल्या होत्या. डोंगा तिथं नेला. आता उतरायचं कोणी, म्हणून आम्ही एकमेकांकडं बघत होतो, तेवढ्यात मॅडमनी पेन गभणे सरांच्या हातात दिलं, पदर खोचला, चपला काढल्या.

"माझं माहेर धानाचंच आहे," त्या म्हणाल्या आणि वाकल्या.

कडी कमरेला लावून त्या एक पाऊल मागं आल्या. डोंगा सरकला. आणखी एक पाऊल. त्यांचा डावा हात न बघता मागं गेला आणि जुडी घेऊन आला. उजवा हात चिखलात बोटं रोवत होता, तणस लावत होता, सवयीनं. बांगड्यांचा आवाज येत होता. हातपंपावर पाणी प्यायला आलेली पोरं बाटल्या धरून उभीच राहिली. मॅडम भिंतीपर्यंत मागं गेल्या, मग सरळ उभ्या राहिल्या आणि चिखलाच्या हातानं कपाळावरचे केस मागं करत तृप्तीला विचारलं, "नेमका इथंच वाकवायचा, हे कसं ठरवलं?"

"मायच्या कमरेले मोठी तार बांधली जी. डोंग्याले दुसरं टोक. माय रोवत गेली तशी तार आपोआप मुडपली. थे तार नेऊन दिली वेल्डरले. थो म्हणे, पोरी पागल झाली का, चांगलं काम बिघडवते."

मॅडमनी पाइप पुन्हा हातात घेतला. यावेळी मीही जवळ गेलो. पहिला सरळ जोड कापल्याची खूण दिसत होती आणि तिच्यावर दुसरा, कोनातला जोड. वेल्डिंग वेल्डरचं होतं. बाक त्या मुलीचा होता.

मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा आणि गार झालेले समोसे आले. माझ्यासाठी खरं प्रदर्शन तिथं सुरू होतं. मी बाह्या सरसावून बसलो. गभणे सरांनी अपेक्षेप्रमाणं यजमान शाळेचा विषय काढला. एवढा मांडव, एवढं जेवण, आणि हाती काही नाही, बरं दिसत नाही. मी टेबलावर हात मारला, समोशाची बशी उडाली. जेवणाचे गुण द्यायचे असतील तर आचाऱ्याला भंडाऱ्याला पाठवा, असं मी म्हणालो. मग मॅडमकडं वळलो. म्हटलं, डोंग्याला पूर्ण गुण हवेत. त्या म्हणाल्या, नाही. वेल्डिंग तिचं नाही, त्याचे गुण कापणार. करून बघून बदल केला, त्याचे मात्र पूर्ण. मी म्हटलं, मग पाणी देणाऱ्या यंत्रातला तो मातीचा सेन्सर तरी त्या पोरानं घरी बनवला आहे का? तिथंही कापा. त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला.

"कापलेत. तुम्ही ओरडत होता तेव्हाच."

मी बघितलं. खरंच कापले होते. जेवढे कापायला हवे होते तेवढेच. भांडायची पुरी तयारी करून जावं आणि समोरच्यानं आधीच बरोबर भाव लावलेला असावा, यासारखा वैताग नाही. मी तरी आणखी दोन गुणांसाठी ताणून बघितलं. मॅडम एका गुणालाही हलल्या नाहीत. बेरीज झाली आणि डोंगा वर राहिला. गभणे सरांनी चहा संपवला, उसासा टाकला, आणि एवढंच विचारलं की यजमानांना निरोप कोण सांगणार. मी सांगतो म्हटलं, आणि आनंदानं सांगितला.

निकालानंतर मी स्टूल उचलून निघालो तेव्हा तृप्ती आडवी आली. आभार वगैरे काही नाही.

"सर, भंडाऱ्याले जाऊन राहिलो आम्ही. पण आमचे गुण काहून कापले?"

मी सांगितलं. वेल्डिंग दुसऱ्याचं, म्हणून. तिनं खाली बघत विचार केला.

"तुम्ही दहा नग घेत होते ना?"

"घेतो की. वाकड्या पाइपचेच घेतो."

"मंग मले वेल्डिंग शिकवा."

"आधी डोंग्याचं माप दे, मग शिकवतो."

"नाही जी. अगोदर शिकवा. तुम्ही माल लय पाडून बोलता, तुमचा भरोसा नाही."

मी हो म्हटलं. उभ्या आयुष्यात समोरच्याच्या पहिल्या बोलीला हो म्हटल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

भंडाऱ्याला तिचा नंबर आला नाही. परतल्यावर ती मैत्रिणीला घेऊन दुकानात आली तेव्हा मी आधीच संतापून बसलो होतो. काय विचारलं त्यांनी, म्हटलं. तेच विचारलं असणार.

"हो. पुसलं, कोनं केलं म्हणून."

"मग?"

"सांगितलं. वेल्डरचं काय, आमचं काय. आयकलं त्यायनं सारं. मंग म्हणे, पाइप जड आहे, बाईची कंबर दुखन. खरंच आहे जी. माय बी तेच म्हणते."

माझा संताप बसायला जागा शोधत राहिला. नंबर गेला होता आणि मुलगी पाइप हलका कसा करायचा ते बोलत होती. तिच्या मागं धुकं निवळत होतं, रस्त्यावरून धानाच्या पोत्यांनी लादलेली ट्रॉली कण्हत चालली होती. त्या दिवशी मला कळलं की माझी तक्रार थर्माकोलच्या त्या गावाबद्दल कधीच नव्हती. नंबर त्या गावाला मिळाला, मिळू दे. साहेबांनी विचारलेला प्रश्नही वाईट नव्हता. मी तोच विचारतो. मॅडमनी तोच विचारला. माझं उत्तर मात्र तिथंच, साखळीजवळ, तोंडात राहून गेलं, आणि ते मी अजून कोणाला देऊ शकलेलो नाही. तक्रार तेवढीच आहे, आणि ती मी सोडणार नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तृप्ती वेल्डिंग शिकायला आली. तिची माय सोबत यायची, शेडमध्ये पंख्याखाली बसून माझ्या कामगारांना ऊन, पाणी आणि लग्नांवर सल्ले द्यायची. तृप्तीचे पहिले जोड बघून मी इतका ओरडलो की माय उठून उभी राहिली. पोरगी काच डोळ्यांवरून वर करून म्हणाली, ओरडून जोड सरळ येत असता तर तुमच्या शेडात एकही वाकडा नसता. मायला हे पटलं आणि ती परत बसली. रोवणीच्या आधी हलक्या पाइपचा डोंगा तयार झाला. दहा नग मी घेतले, आणि माप द्यायच्या आधी तिनं माझ्याशी जे भावाचं भांडण केलं ते मी इथं लिहिणार नाही.

आता पुन्हा धान निघालं आहे. कॉलरमध्ये भुसा, हाताला थंड शटर, पोरांच्या नजरा ढिगाऱ्यावर. स्टूल मी शोधून काढलं. त्याचा एक पाय उन्हाळ्यात तुटला होता, तो तृप्तीनं जोडला आहे. तिच्या सुरुवातीच्या दिवसांतला जोड आहे, गाठाळ, थोडा तिरका. पण बसल्यावर स्टूल हलत नाही. मुलांनी वेल्डिंगकडं नीट बघितलं तर यंदा कोणीतरी त्या पायाकडं बोट दाखवून मलाच विचारेल, सर, हे कोनं केलं? माझं उत्तर तयार आहे. तीन पाय माझे, चौथा कोणाचा, तो कसा तुटला, तिचा पहिला जोड का टिकला नाही. सांगायला थोडा वेळ लागेल. विचारणाऱ्यानं तेवढं थांबावं.